घर तापवण्याची वऱ्हाडी रीत

‘हे काय लडाख हाये काय भाऊ? आपल्या इकडे थंडी पडते कुठी?’

अकोल्यात किंवा अमरावतीत घर बांधायला काढलेल्या माणसानं छतावर उष्णतारोधक थर टाकायचा विषय काढला, की मिस्त्रीपासून डिग्रीवाल्या इंजिनिअरपर्यंत सगळे याच वळणाचं उत्तर देतात. इन्सुलेशन हे बर्फाळ मुलखातलं काम. तिकडच्या लोकांना घर उबदार ठेवायचं असतं, आपल्याला थंड ठेवायचंय. तेव्हा त्यांची विद्या आपल्या काय कामाची? तेवढ्या पैशात एक एसी येतो. हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की विचारणाराच ओशाळतो आणि बोलणं टाइल्सच्या रंगाकडे वळतं.

सूर्यावर घर तापवायची विद्या वऱ्हाडाला नको, असं जे म्हणतात त्यांनी ती कधीच आत्मसात केली आहे. त्यांचा फक्त ऋतू चुकला आहे.

थंड प्रदेशातले वास्तुरचनाकार काय करतात ते बघा. उन्हाच्या समोर येईल असा मोठा पृष्ठभाग ठेवतात. त्याला लागून दगड, माती, काँक्रीट असं जड काहीतरी असतं, त्यात दिवसभराची उष्णता मुरते. सूर्य मावळल्यावर ती हळूहळू खोलीत उतरते. लडाखात फे गावी सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या ‘सेकमोल’च्या मातीच्या इमारती याच तत्त्वावर कडाक्याच्या हिवाळ्यात राहण्याजोग्या राहतात. आता अमरावतीच्या कुठल्याही लेआउटमधलं हजार चौरस फुटांचं घर घ्या. उन्हासमोर हजार चौरस फुटांची उघडी गच्ची आहे. जड वस्तू म्हणून पाच इंची स्लॅब आहे, त्याचं वजन सुमारे २८ टन भरतं. आणि उष्णता खोलीत उतरते की नाही, हे मे महिन्यात रात्री दहा वाजता पलंगावर उभं राहून छताला हात लावला की कळतं. पुस्तकात सांगितलेलं सगळं आपण केलेलं आहे. नंतर त्या उत्तम चालणाऱ्या हीटरशी लढायला कूलर आणि एसी विकत आणतो.

‘थंडीच नाही तर इन्सुलेशन कशाला’ हा प्रश्नच त्यामुळे चुकीचा ठरतो. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमीकडे जाते. वाटेतला रोधक थर तिची चाल मंद करतो, आणि ती आतून बाहेर निघाली आहे की बाहेरून आत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. लडाखच्या घराला तो हिवाळ्यात उपयोगी पडतो, अकोल्याच्या घराला उन्हाळ्यात. आणि वऱ्हाडाची गरज लहान आहे असं मानण्याचं कारण नाही. मेमध्ये बाहेर ४३-४४ अंश असतात, पण गच्चीवरचं काँक्रीट त्यावर थांबत नाही. दुपारी दोनच्या सुमारास त्याचा पृष्ठभाग साठीच्या घरात जातो. आतली खोली ३२-३३ वर ठेवायची म्हटलं तर स्लॅबच्या दोन बाजूंत तीसेक अंशांचा फरक पडतो. युरोपातल्या पुष्कळ घरांना हिवाळ्यात याहून जास्त फरक सोसावा लागत नाही, आणि तिथं छतावर वीतभर जाडीचा रोधक थर टाकल्याशिवाय कुणी घर बांधत नाही. आपण तो फरक नुसत्या सिमेंटवर सोडून देतो.

छत, छत असं मी का म्हणतोय, ते इथल्या सूर्याला विचारावं. अकोला आणि अमरावती दोन्ही साधारण पावणेएकवीस ते एकवीस अक्षांशांवर आहेत. २३ ते २६ मेच्या दरम्यान या दोन्ही शहरांत, दुपारी सव्वाबाराच्या पुढेमागे, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच विरते. आपला नवतपाही, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक मानले जाणारे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारासच लागतो. म्हणजे आकाश निरभ्र, हवा कोरडी, पाऊस अजून दोन आठवडे लांब, आणि किरणं सरळ खाली. अशा दिवशी एक चौरस मीटर गच्चीवर साधारण साडेसहा युनिट विजेइतकी ऊर्जा पडते. हजार फुटांच्या गच्चीवर सहाशे युनिट. बेताच्या कुटुंबाच्या वीजबिलात महिन्याला तीनशे युनिट दिसले की घरात वादावादी होते. त्याच्या दुप्पट ऊर्जा एका दिवसात डोक्यावर येऊन पडते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

ती सगळी आत येत नाही हे खरं. काही परावर्तित होते, काही वारा नेतो, काही रात्री आकाशाकडे परत जाते. तरी ढोबळ हिशोब मांडून बघा. उघड्या स्लॅबमधून प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक अंश फरकामागे साधारण साडेतीन वॅट उष्णता आत येते. याला इंजिनिअर यू-मूल्य म्हणतात. तीस अंश फरक धरला तर शंभरेक वॅट, आणि संपूर्ण छताचे नऊ-दहा किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीनं चालला तर सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे भर दुपारी जवळपास दोन एसी केवळ छताची चाकरी करतात. माणसांना गारवा मिळायचा तो त्यानंतर.

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे: ‘आमचा प्लॉट तीस बाय चाळीसचा. दोन्ही बाजूंना शेजारी, दार रस्त्याकडे. त्यात दिशा कुठून साधणार? ही दिशाबिशा बंगलेवाल्यांची चैन.’ या आक्षेपातली अडचण खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. भिंती शेजाऱ्याच्या भिंतींना चिकटल्या की त्यांना ऊन कमीच लागतं, आणि घराच्या ज्या एका भागावर शेजारी सावली धरू शकत नाही तो म्हणजे छत. प्लॉट जितका अरुंद आणि घर जितकं दाटीत, तितका छताचा वाटा मोठा. लहान प्लॉटवाल्यांना हा विषय लागू नाही असं सांगणं म्हणजे ज्याचं दुखणं एकाच जागी आहे त्यालाच औषध नाकारणं.

भिंतींचं थोडक्यात सांगतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा पुरतो, कारण उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावरच असतो. डिसेंबरच्या दुपारी तो ४५ अंशांवर उतरतो आणि छज्ज्याखालून आत डोकावतो, जे हवंच असतं. खरा शत्रू पश्चिम. मेच्या दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून ३८ अंशांवर येतो आणि तिथून खाली घसरतच जातो; त्याला कुठलाच छज्जा आवरत नाही. तिथं जिना घ्या, न्हाणीघर घ्या, नाहीतर कडुनिंब लावा, जो एप्रिलमध्ये नव्या पालवीनं भरलेला असतो. वास्तुशास्त्रवाले नैर्ऋत्य जड आणि बंद ठेवायला सांगतात. त्यांच्या कारणांशी मला कर्तव्य नाही, पण वऱ्हाडात तो सल्ला चुकून बरोबर निघतो. दुर्दैव एवढंच, की वास्तूसाठी दार हलवणारा घरमालक पुढं पश्चिमेलाच एलिव्हेशन म्हणून गडद काचेचा भलामोठा पडदा उभा करतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. कुणी जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, ती घरं एवढी चांगली होती तर लोकांनी सोडली कशाला? आणि मातीच्या घराचे गोडवे गाणारे स्वतः कुठं राहतात?

त्यातला दुसरा टोमणा बहुतेक वेळा लागू पडतो. शहरात फ्लॅट, आणि लेखात सारवलेली ओसरी, असे लेख आपण सगळ्यांनी वाचलेले आहेत. धाब्याची घरं लोकांनी सोडली त्याला चोख कारणं होती. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी वर नवी माती टाकून चोपावी लागे, आणि तरीही एखाद्या झडीत कोपऱ्यात भांडी मांडावी लागत. तुळयांना वाळवी लागे. सागवान महाग होत होत आवाक्याबाहेर गेलं. सारवण बायकांच्या वाट्याला येई आणि त्याचा हिशोब कुणी धरत नसे. काळ्या मातीच्या मुलखात पाया हलला की भिंतीला भेग ठरलेली. कर्ज देणारी बँक आणि घरकुल देणारं सरकार दोघंही पक्कं घर म्हणताना सिमेंटच डोळ्यांसमोर धरत. एवढं सगळं असताना लोक स्लॅबकडे गेले यात मूर्खपणा काहीच नव्हता. गळत नाही असं छत ही मोठी गोष्ट आहे आणि ती मिळाल्याचा आनंद ज्यांनी अनुभवलाय त्यांना परत मातीत जा म्हणून सांगण्याचा अधिकार कुणाला नाही.

पण छत बदलताना एक गोष्ट हिशोबातून निसटली. सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा फूटभर थर, या रचनेचं यू-मूल्य सुक्या मातीचे आणि लाकडाचे प्रचलित आकडे धरून काढलं तर ते एक ते सव्वाच्या आगेमागे येतं. म्हणजे उघड्या स्लॅबच्या एक-तृतीयांश. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ जाहीर केली. त्यात छताची कमाल मर्यादा आहे १.२. दिल्लीतल्या तज्ज्ञांनी संगणकावर बसून जो आकडा ठरवला, त्याच्या आसपास आपल्या पणजोबांचा गवंडी मातीच्या टोपल्या मोजून पोहोचत होता. त्याला संहिता ठाऊक नव्हती. घरात झोप लागते की नाही एवढं त्याला कळत होतं.

जाडीचा आणखी एक फायदा आकड्यात दिसत नाही. दुपारी दोनचा ताप पाच इंची स्लॅबमधून तीन-चार तासांत आत पोहोचतो, म्हणजे नेमका संध्याकाळी, पोरं अभ्यासाला बसतात तेव्हा. मग मध्यरात्र उलटेपर्यंत तो उतरत राहतो. फूटभर मातीतून तोच ताप यायला रात्र होते, तोवर त्याचा जोर मोडलेला असतो, आणि तेव्हा घरात कुणी नसतंच. सगळे वर धाब्यावर उघड्या आभाळाखाली झोपलेले. घराची रचना आणि माणसांचा दिनक्रम एकमेकांत बसलेले होते. सकाळी नऊच्या आत खिडक्या-दारं लावून घर अंधारात ठेवायचं आणि दिवस कलल्यावर उघडायचं, ही घरातल्या म्हाताऱ्या बायांची शिस्त त्याचाच भाग होती. आता गच्चीवर झोपायला डास आहेत, चोराची भीती आहे, आणि शेजारची गच्ची चार मजले वर गेलेली आहे.

तेव्हा मला धाबं परत नको. धाब्याचं काम स्लॅबकडून करून घ्यायचं आहे. त्यासाठी लागतं किती? थर्माकोलच्या जातीच्या पण त्याहून घट्ट अशा एक्सपीएसच्या पाट्या बाजारात मिळतात. त्यांचा एक इंच जाडीचा थर स्लॅबच्या वर टाकला तर यू-मूल्य एकच्या खाली येतं. एक इंच! वर उताराचा कोबा आणि पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोजॅक केलं की माणसं चालू शकतात, पापड वाळत घालता येतात. नुसत्या विटांच्या तुकड्यांच्या कोब्यानं हे साधत नाही. तो आकडा जेमतेम अडीचपर्यंत खाली आणतो, तरी ‘कोबा केला की छत थंड’ असं सांगणारे ठेकेदार गल्लोगल्ली आहेत. आणि ही कुठली कालपरवाची परदेशी फॅशन नाही. इमारतींच्या उष्णतारोधनासाठी भारतीय मानक संस्थेचं मार्गदर्शक मानक, आयएस ३७९२, त्याची १९७८ची आवृत्ती अभियांत्रिकीच्या ग्रंथालयांत पडून आहे. शेजारच्या वर्ध्यात देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं कुंभाराच्या चाकावर घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या पोकळ नळ्या एकीत एक बसवून छताच्या कमानी उभारल्या; लोखंड नाही, सेंट्रिंग नाही, आणि नळ्यांतली कोंडलेली हवा रोधक म्हणून फुकट. अमरावतीहून वर्धा शंभरेक किलोमीटर. तेवढ्या अंतरावरून ही विद्या इकडे पोहोचली नाही आणि जर्मनीच्या मॉड्युलर किचनच्या कल्पना मात्र पोहोचल्या.

आता सगळ्यात चांगला आक्षेप, जो मोजके जाणकार घेतात. ‘रोधक थर लावला की आतली उष्णताही आतच अडकेल. घर थर्माससारखं बंद होईल.’ याला हसून टाळता येत नाही. चुकीच्या जागी लावलेला थर खरोखर त्रास देतो. स्लॅबच्या खाली पीओपीचं फॉल्स सीलिंग करून ‘इन्सुलेशन झालं’ म्हणणाऱ्यांचा स्लॅब वर तसाच तापत राहतो, फुगतो, रात्री आकसतो, आणि पॅरापेटच्या सांध्यात भेग पाडून पावसाळ्यात गळतो. थर बाहेरून हवा. बाहेरून लावला की २८ टनांचा स्लॅब उन्हापासून सुटतो आणि खोलीच्या बाजूला येतो. मग हीच जड वस्तू कामाला लागते: रात्रीच्या २७-२८ अंशांच्या हवेनं ती गार होते आणि दुपारी खोलीतली उष्णता स्वतःत ओढून घेते. ज्या वजनामुळे घर भट्टी होत होतं तेच त्याला सावरतं. पण त्यासाठी रात्री खिडक्या उघड्या पाहिजेत, जाळी लावून, आणि समोरासमोर. दिवसरात्र काच लावून बसायचं असेल तर आक्षेप घेणाऱ्याचं बरोबर आहे.

आत अडकणारी उष्णता असते तरी केवढी? चार माणसं, फ्रिज, पंखे, टीव्ही मिळून सहा-आठशे वॅट. स्वयंपाकाच्या वेळी जास्त. उघड्या छतातून येणारे नऊ-दहा हजार वॅट. आठशे वॅट आत कोंडतील या धास्तीनं दहा हजारांना दार सताड उघडं ठेवायचं, हा काही शहाणपणाचा व्यवहार दिसत नाही.

गच्ची थंड करायला विकल्या जाणाऱ्या पांढऱ्या रंगाच्या डब्यांबद्दल माझं मत इतकं मवाळ नाही. डब्यावर ‘१५ अंश थंड’ असं छापलेलं असतं. ते खरं असतं, पण गच्चीच्या पृष्ठभागापुरतं. खोलीतल्या हवेत फरक पडतो तो दोन-चार अंशांचा. आपल्याकडच्या धुळीत तो पांढरेपणा वर्षभरात मातकट होतो आणि ऊन परतवून लावायची ताकद बरीच घटते. म्हणून महागडा रंग एकदा लावून विसरण्यापेक्षा साधा चुना दर मार्चमध्ये मारलेला बरा. मजुरीसकट त्याचा खर्च एका बऱ्या लोखंडी कूलरपेक्षा कमी येतो. दोन-चार अंश कमी झाले म्हणजे काहीच झालं नाही असंही नाही. रात्री ३६ अंशांची खोली आणि ३३ अंशांची खोली यांतला फरक ज्याला कळत नाही त्यानं मेमध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं राहून पाहावं. गळती थांबवायला गच्चीवर टिनाचं शेड घालतात, तेही स्लॅबपासून चार-पाच फूट वर आणि बाजूंनी मोकळं असेल तर उत्तम सावली देतं. छतावरच्या सौर पॅनेलचंही तेच. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. लोक ते वीजबिलासाठी घेतात आणि सावली फुकटात पदरात पडते.

राहिला एसी आणि कूलरचा मुद्दा. कूलरला मी नावं ठेवणार नाही. मेमधल्या खडखडीत कोरड्या हवेला वऱ्हाडी लोखंडी कूलर हेच रास्त यंत्र आहे, आणि ते इथल्या माणसानं जाहिरातीशिवाय ओळखलं. पण त्याला पाणी लागतं. अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं आणि उन्हाळ्यात नळ रोज येत नाही. पूर्णेच्या काठानं पसरलेल्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी वापरलं तर कूलरच्या जाळ्यांवर मिठाचे थर चढतात. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर नुसता चिकचिकाट करतो, स्लॅब मात्र तापतच असतो. मग एसी घ्या, असं म्हणणं ओघानंच येतं. घ्यावा, कुणाच्या आजारी आईला एसी लागत असेल तर त्यावर प्रवचन देणारा मी कोण? पण उघड्या छताखालचा एसी आणि झाकलेल्या छताखालचा एसी यांच्या बिलात फरक पडणारच. आणि बाहेरच्या यंत्रातून निघणारी गरम हवा गल्लीत जाते, तिथून शेजारच्या खिडकीत, जिथं कदाचित एसी नाही. आमच्याकडे बाळापूर तालुक्यात पारसला ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. कोळसा जाळून वीज करायची आणि ती वापरून उन्हानं तापलेला स्लॅब गार करायचा, या साखळीत स्लॅबवर सावली धरणं हाच सगळ्यात स्वस्त दुवा, आणि नेमका तोच गळालेला.

हे सगळं ज्यांना स्लॅब परवडतो त्यांचं झालं. खरा राग यावा तो दुसरीकडे. मे २०२४ मध्ये अकोल्यात तापमान ४५ अंशांच्या वर गेलं तेव्हा जिल्हा प्रशासनानं ३१ मेपर्यंत कलम १४४ लावलं. कामगारांना सावली, पाणी, पंखे द्या असे आदेश निघाले, शिकवणी वर्गांच्या वेळा बदलल्या. चांगलंच केलं. उष्णतेच्या लाटेतला नेहमीचा सल्लाही बरोबरीनं आला: दुपारी घराबाहेर पडू नका. पण टिनपत्र्याखाली राहणाऱ्या बाईला घरात थांबा म्हणून सांगणारानं एकदा दुपारी तिच्या घरात थांबावं. बाहेर लिंबाच्या सावलीत ४५ अंश असतील. आत पत्रा डोक्यावर चार हातांवरून तापत्या लोखंडासारखा अंगावर येतो. अशा घरात सुरक्षित राहायचं म्हणजे घराबाहेर पडायचं.

२०१८ची इको निवास संहिता या बाईपर्यंत येत नाही. ती लागू होते ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींना. ५०० चौरस मीटर म्हणजे ५,३८२ चौरस फूट. अकोल्याच्या जुन्या शहरात अशा प्लॉटचे मालक बोटांवर मोजावेत. ज्यांना एसी परवडतो त्यांच्यासाठी छताचा नियम, आणि ज्यांना पंख्याचं बिल परवडत नाही त्यांना सूट! सरकार स्वतः जिथं पैसे देतं तिथं तर नियमाचीही गरज नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार मिळतात, किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. तेवढ्या छताला चुना मारणं एका माणसाचं सकाळचं काम आहे. पत्रा असेल तर खाली वीतभर पोकळी सोडून बांबूचे तट्टे बांधले की खाली येणारी धग तुटते. मेळघाटात तट्टे विणणारे हात आहेत आणि त्यांना काम हवं आहे. हप्ता देण्याआधी पाया, लिंटेल, छत यांचे फोटो मागतात. त्या यादीत पांढऱ्या केलेल्या छताचा एक फोटो वाढवायला कुठलं मंत्रालय हलवावं लागतं? अहमदाबादला मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं अभ्यासात निघालं; त्या लाटेनंतर ते शहर जागं झालं. २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आला, पुढं झोपडपट्ट्यांच्या छतांना पांढरं करण्याची मोहीम निघाली. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच केलं. या दोन्ही ठिकाणांपेक्षा अकोल्याचा उन्हाळा सौम्य आहे असं कुणाला म्हणायचंय का?

आणि थंडीचंही एकदा बोलू, कारण ‘थंडी पडते कुठी’ हेही पूर्ण खरं नाही. डिसेंबर-जानेवारीत अकोल्या-अमरावतीत रात्रीचा पारा दहा-बारावर येतो. चिखलदरा ११०० मीटर उंचीवर आहे, तिथं तो एक आकडी होतो. मेळघाटातल्या कुडाच्या झोपडीत चूल रात्रभर धुमसते आणि तो धूर माणसांच्या छातीत जातो. तिथं जो रोधक थर मेमध्ये ताप अडवेल तोच जानेवारीत ऊब धरेल, आणि दक्षिणेची एक नीट ठेवलेली खिडकी दिवसभर फुकट ऊन आत घेईल. एकाच खर्चात दोन ऋतू. चिखलदऱ्यात होणाऱ्या नव्या रिसॉर्टांनी चौफेर काच आणि वर निळा पत्रा लावून दोन्ही ऋतू एकाच खर्चात घालवले आहेत, तो भाग वेगळा.

घर बांधणाऱ्याला एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. स्लॅब पडल्यावर पाण्याच्या उतारासाठी कोबा करावाच लागतो. विटांचे तुकडे, सिमेंट, मजूर सगळं त्या दिवशी वर चढलेलंच असतं. रोधक पाट्या टाकायची वेळ तेवढीच, कोबा पडण्याच्या आधीची एक दुपार. नंतर टाकायच्या म्हटलं तर कोबा फोडायचा खर्च पाट्यांपेक्षा जास्त येतो आणि ठेकेदार शेवटचा हप्ता घेऊन दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. त्यामुळे करारनाम्यात कोब्याच्या ओळीच्या वर एक ओळ लिहून घ्या: एक इंच एक्सपीएस, स्लॅबच्या वरून, सांधे चिकटपट्टीनं बंद. ठेकेदार लडाखचं नाव काढेल. त्याला दर विचारा.